सोड्याचा डबा आणि बारा बोटं

खाण्याच्या सोड्याचा डबा महिन्यात दोनदा संपायला लागला तेव्हा बायकोला पहिला संशय आला. "अहो, ढोकळा करून मला किती महिने झाले, मग सोडा जातोय कुठं?" मी म्हटलं, मुंग्या नेत असतील. सोड्याला मुंग्या लागत नाहीत हे तिलाही ठाऊक होतं, पण तिनं विषय वाढवला नाही.

खरी गोष्ट अशी की रात्री दोनच्या सुमारास मी उठायचो. दिवा न लावता स्वयंपाकघरात जायचो, पेल्यात अर्धा चमचा सोडा, वर पाणी, आणि एका दमात घशाखाली. मोठा ढेकर यायचा, दहा मिनिटांत पोटातली आग निवायची, मग सकाळपर्यंत झोप. पुढं पुढं सकाळपर्यंत पुरेना. पहाटे चारला दुसरा पेला.

मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात डाइंग मास्तर आहे. एकोणतीस वर्षं सूत रंगवतोय. आमचं सगळं कामच सोडा आणि अ‍ॅसिड यांच्यातलं. रंग सुताला धरायचा तर बाथमध्ये, म्हणजे रंगाच्या पाण्यात, सोडा अ‍ॅश टाकून पीएच साडेदहा-अकराला न्यावा लागतो. पीएच म्हणजे आमचं माप: सात मधोमध, त्याखाली अ‍ॅसिड, त्यावर सोडा. रंग धरला की धुवायचं आणि अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड देऊन सूत परत साताच्या आसपास आणायचं. पीएचचा कागद न लावता अंदाजानं सोडा ओतणारा पोरगा दिसला की मी त्याची बिनपाण्यानं करतो. तोच मी रोज रात्री अंधारात, चमचासुद्धा न बघता, स्वतःच्या पोटात सोडा ओतत होतो.

दुखायचं कुठं, तर बरगड्या जिथं मिळतात त्याच्याखाली चार बोटं, जरा उजवीकडं. कुरतडल्यासारखं. आणि तऱ्हा अशी की जेवलं की थांबायचं. दुपारी एकला डबा खाल्ला, म्हणजे ज्वारीची भाकरी, मटकी, शेंगाचटणी आणि वर ताक, की पोट एकदम गार. चार वाजले की पुन्हा सुरू. संध्याकाळी काही खाल्लं की थांबायचं, रात्री साडेनवाला जेवलो की झोप लागेपर्यंत काही नाही, आणि दोन वाजता गजर लावल्यासारखी जाग. म्हणून मी सारखं खात राहिलो. खिशात बिस्किटाचा पुडा, फोरमनच्या टेबलावर केळी, झोपताना दूध. तीन महिन्यांत चार किलो वजन वाढलं. कारखान्यात सगळे म्हणाले, मास्तरांची तब्येत चांगली झाली बघा.

सोलापुरात कुणाला अ‍ॅसिडिटी झाली की सगळे शेंगाचटणीकडं बोट दाखवतात. मेव्हण्यानं दाखवलं, शेजाऱ्यांनी दाखवलं. मी महिनाभर चटणी बंद केली, कडक भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. फरक शून्य. नाक्यावरच्या मेडिकलवाल्यानं गॅसची गोळी दिली, पॅन्टोप्राझोल. ती मी आठवण झाली की घ्यायचो, तीही जेवण झाल्यावर. चार दिवस बरं वाटलं की बंद.

आणि एक गोळी होती, जिचा मी हिशेबच धरला नव्हता. दिवसभर ओल्या फरशीवर गमबूट घालून उभं राहायचं, त्यामुळं टाचा धरल्या होत्या. दिवाळीपासून डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी चालू होती. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत घरच्यांना फिरवायचं होतं तेव्हा तर दिवसाला दोन-दोन घेतल्या. जेवणानंतर घेतोय ना, मग पोटाला काय होणार आहे, हा माझा समज. टाचेची गोळी टाचेला जाते आणि पोटाची पोटाला, असंच काहीसं डोक्यात असावं.

पकडलं मुलीनं. ती बी. फार्मच्या दुसऱ्या वर्षाला आहे, परीक्षा जवळ आली की दोन-अडीचपर्यंत जागते. पाणी प्यायला आली आणि दिवा लावला. मी पेला तोंडाला लावलेला. "पप्पा, हे किती दिवस चाललंय?" मी म्हटलं, आजच जरा. तिनं डबा उघडून बघितला, मग माझ्याकडं बघितलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही पोटाच्या डॉक्टरांकडं.

डॉक्टर कमी बोलणारे. जेवल्यावर थांबतं का, रात्री जाग येते का, शी कधी डांबरासारखी काळी झाली का, उलटीत रक्त दिसलं का, घास अडकतो का. मग विचारलं, दुसरं औषध काय चालू आहे? मी म्हटलं, काही नाही. मुलगी म्हणाली, "पप्पा, टाचेची गोळी." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. बीपी बघितलं तर १५० वर ९४. तेव्हा सोड्याचंही सांगावं लागलं. म्हणाले, "सोडा म्हणजे सोडियमच. मिठाचा खडा चघळत बसल्यासारखं आहे ते तुमच्या बीपीला." रक्तात हिमोग्लोबिन अकरा निघालं. माझं वय पन्नासच्या पुढं, रोज रात्रीचं दुखणं, वर वेदनाशामक गोळ्या. दुर्बिणीतून बघायचं ठरलं.

पण लगेच नाही. दोन आठवडे गॅसची गोळी पूर्ण बंद करून यायचं. पोटात एक जंतू असतो, त्याची तपासणी करायची होती आणि त्या गोळीनं तो दबून राहतो, मग असून नाही असं उत्तर येतं. फारच आग झाली तर पातळ अँटासिड दोन चमचे. टाचेची गोळी त्या क्षणापासून बंद, त्यात घासाघीस नाही. सोडाही बंद.

ते दोन आठवडे मी कधी विसरणार नाही. एप्रिल संपत आलेला, पारा त्रेचाळीसच्या आसपास, आम्ही सगळे गच्चीवर झोपायचो. दोन वाजता उठायचो आणि सोड्याशिवाय नुसतं बसून राहायचो. मुलगी अभ्यासाचं पुस्तक घेऊन वरच यायची, मोबाइलच्या उजेडात वाचायची. तिथं मला पोटाची शिकवणी मिळाली.

मी तिला विचारलं, जठरात अ‍ॅसिड असतं म्हणतेस, तर किती असतं? ती म्हणाली, दिवसाला दोनेक लिटर रस, पीएच दीड-दोन. मी उठूनच बसलो. आमच्याकडं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड देऊन आम्ही साडेपाच-सहापर्यंत जातो आणि तेवढ्यालाही हातमोजे घालतो. पीएचची एक पायरी म्हणजे दहापट, हे मला कुणी शिकवायला नको. दोनावरून सातावर जायचं म्हणजे लाखपट फरक. हा माल जठरातून खाली आतड्यात पडतो तेव्हा आतडं जळत कसं नाही?

"तेच तर आहे," ती म्हणाली. जठराच्या खालचं आतड्याचं पहिलं टोक म्हणजे ड्युओडेनम. पंचवीसेक सेंटिमीटर लांब. जुन्या काळी हिरोफिलस नावाच्या ग्रीक वैद्यानं बोटं आडवी लावून मोजलं, बारा बोटं भरलं, त्यावरून हे नाव. मी अंधारात स्वतःची बारा बोटं पोटावर लावून बघितली. तीन वेळा चार-चार.

जेवल्यावर पहिला तास-दोन तास अन्नच अ‍ॅसिड शोषून घेतं. भाकरी, डाळ, ताक सगळं त्यात मुरतं आणि जठरातला पीएच वर चढतो. म्हणून जेवल्यावर मला बरं वाटायचं. मग जठर आपल्या दाराची नाडी सैल करून थोडं थोडं खाली सोडतं. दोन-तीन तासांनी अन्न गेलेलं असतं आणि अ‍ॅसिडची चावी मात्र अजून पुरती बंद झालेली नसते. माझे चार वाजले ते असे. रात्री तर जेवण नसताना सुद्धा जठर आपणहून अ‍ॅसिड सोडत असतं आणि दहा ते दोनच्या दरम्यान ते सगळ्यात जास्त. माझा गजर कोण लावत होतं ते कळलं. झोपताना मी दूध प्यायचो ना, ते घटकाभर थंड करतं आणि त्यातलं प्रोटीन नि कॅल्शियम पुन्हा अ‍ॅसिडची चावी उघडतात. म्हणजे मीच.

"पण पप्पा, खालचा भाग तुम्हाला आवडेल," ती म्हणाली. ड्युओडेनमच्या अस्तरात काही पेशी अशा बसलेल्या असतात की आत आलेल्या मालाचा पीएच साडेचारच्या खाली गेला की त्या सिक्रेटिन नावाचा पदार्थ रक्तात सोडतात. रक्तातून तो स्वादुपिंडाला पोचतो आणि स्वादुपिंड सोड्याचं पाणी सोडतं. बायकार्बोनेट. रक्तात जेवढं असतं त्याच्या पाचपट तीव्रतेपर्यंत. शिवाय पित्तातून थोडं येतं ते वेगळं. स्वादुपिंडाचा रस दिवसाला लिटर-दीड लिटर.

मला कारखान्याच्या मागची टाकी दिसली. रंगाचं सांडपाणी तसंच सोडता येत नाही, न्यूट्रल करावं लागतं. टाकीत पीएचची दांडी बुडवलेली असते, पीएच घसरला की पॅनेलला कळतं, पॅनेल डोसिंग पंप चालू करतं, ठरलेल्या मापानं सोडा पडतो, पीएच वर आला की पंप बंद. मी म्हटलं, म्हणजे ऑटो डोसिंग आहे की हे. फक्त वायर कुठं आहे? "वायरच नाहीये," ती म्हणाली आणि हसली, कारण तिला नेमकं तेच सांगायचं होतं.

१९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या दोघांनी हा प्रयोग केला. तोपर्यंत सगळ्यांना, रशियातल्या पावलोव्हच्या प्रयोगशाळेला तर नक्कीच, वाटायचं की हा निरोप नसांमधून जातो. या दोघांनी एका कुत्र्याच्या आतड्याचा एक तुकडा घेतला, त्याला जाणाऱ्या सगळ्या नसा कापल्या, फक्त रक्तवाहिन्या ठेवल्या, आणि त्या तुकड्यात अ‍ॅसिड सोडलं. वायर कापलेली, तरी पंप चालू झाला. मग त्यांनी आतड्याचं अस्तर खरवडलं, अ‍ॅसिडात खलून गाळून घेतलं आणि तो अर्क शिरेत टोचला. तरीही स्वादुपिंड वाहायला लागलं. निरोप रक्तातून जातो हे पहिल्यांदा सिद्ध झालं. अशा निरोप्या पदार्थांना हॉर्मोन हा शब्द स्टार्लिंगनं १९०५ मध्ये वापरला. म्हणजे आपण ज्या हॉर्मोनबद्दल येताजाता बोलतो त्या सगळ्यांचं बारसं या बारा बोटांत झालं. कुत्र्याचं वाईट वाटलं, पण रात्री अडीच वाजता, पोटात कोळसा असताना, ती गोष्ट ऐकून मला खरंच बरं वाटलं होतं.

जमाखर्चाचा भाग तर मला फारच आवडला. जठराची पेशी अ‍ॅसिडचा एक कण पोटाच्या बाजूला टाकते तेव्हा सोड्याचा एक कण रक्ताच्या बाजूला टाकते. त्यामुळं भरपेट जेवल्यावर थोडा वेळ रक्त किंचित अल्कलीकडं झुकतं. स्वादुपिंड नेमकं उलटं करतं, सोडा आतड्याला आणि अ‍ॅसिड रक्ताला. दिवसाअखेर खातं बरोबर जुळतं. आमच्या अकाउंटंटला हे सांगितलं तर तो म्हणाला, जीएसटी नाही का लागत?

दुसऱ्या दिवशी कारखान्यात, दुपारच्या सुट्टीत, मी लॅबमध्ये एक बीकर घेतला. त्यात पातळ केलेलं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, आणि घरून आणलेला खाण्याचा सोडा. एकदम चमचाभर टाकला तर फसफसून सगळं टेबलावर. मग दुसऱ्या बीकरमध्ये सोड्याचं पाणी घेतलं आणि त्यात अ‍ॅसिड थेंबाथेंबानं सोडलं, काचेच्या कांडीनं हलवत. नुसते बारीक बुडबुडे. कागद बुडवला, लाल नाही, पिवळट हिरवा. आत जे होतं ते हेच, फक्त तिथं हायड्रोक्लोरिक असतं. ते आणि सोडा मिळून मीठ, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. तो वायू आतड्यातून रक्तात जिरतो आणि फुप्फुसातून बाहेर पडतो. जठर थोडं थोडं का सोडतं ते बीकरनं दाखवलं. दारात दोन पोरं उभी होती. एक दुसऱ्याला हळू म्हणाला, "मास्तरला येड लागालंय बे." मी ऐकलं, पण त्याच्यात तथ्य होतं.

दुर्बिणीची तारीख ठरवताना पहिली अडचण आली ती पाण्याची. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातला जाणता माणूस घराबाहेर पडत नाही. डॉक्टरांच्या मदतनीस बाईंनी सोमवार सांगितला. बायको म्हणाली, सोमवारी आपलं पाणी आहे. बाईंनी काही न विचारता मंगळवार लिहिला. त्यांच्याकडंही पाण्याचा वार असणारच.

आदल्या रात्री दहानंतर काही खायचं नाही, सकाळी पाणीही नाही. रात्री दोनला जाग आली तेव्हा काहीच घेता येत नव्हतं, नुसती आग. सकाळी आठला गेलो. घशात फवारा मारला, इतका कडू की डोळ्यांत पाणी. दोन मिनिटांत घसा आहे की नाही तेच कळेना, थुंकी गिळता येईना. डाव्या कुशीवर झोपवलं, दातांत प्लॅस्टिकचं कडं. शेजारच्या पलंगावरच्या आजींशी सिस्टर तेलुगूत बोलत होत्या, त्यांनी माझ्याकडं वळून मराठीत सांगितलं, "काका, नाकानं श्वास घ्या, लाळ गळू द्या, गिळू नका." मग करंगळीएवढी काळी नळी. घशाशी आली तेव्हा दोन-तीन उमाळे आले, अगदी वाईट. डॉक्टर म्हणाले, गिळा. गिळली. पुढं दुखत नाही, फक्त आत हवा भरतात म्हणून पोट फुगल्यासारखं होतं आणि ढेकर आवरत नाहीत. सगळं मिळून सात-आठ मिनिटं असेल. मला तासभर वाटलं.

पडदा मला दिसत होता. गुलाबी, ओलं, चकचकीत. जठराच्या तळाशी ते दार आलं. नाडी ओढलेल्या पिशवीचं तोंड जसं चुण्या पडून मिटतं तसं, आणि मग आपोआप उघडतं. मिटलं, उघडलं, मिटलं. माझ्या आत हे रात्रंदिवस चालू आहे आणि मी कधी बघितलं नव्हतं. उघडलं तशी नळी आत सरकली, आणि दारापासून दोन बोटांवर, समोरच्या भिंतीवर, तो होता. अर्ध्या शेंगदाण्याएवढा पांढरट खळगा, भोवती लाल सुजलेली कड. अल्सर, म्हणजे अस्तराला पडलेली जखम. डॉक्टर "हं" एवढंच म्हणाले. नळी पुढं गेली, वळणापलीकडं भिंत स्वच्छ, आणि तिथं पिवळं-हिरवं पाणी वाहत होतं. पित्त. परत येताना जठराच्या अस्तराचे दोन कण चिमट्यानं काढले. ते काढलेलं कळलंही नाही.

ते कण एका छोट्या डबीतल्या पिवळ्या जेलवर ठेवले. मी तोंड पुसत बाकावर बसलो होतो, सिस्टरनी डबी टेबलावर ठेवलेली. वीसेक मिनिटांत कणाभोवती रंग फुटायला लागला. आधी नारिंगी, मग गुलाबी, मग सरळ राणी. आयुष्यभर शेडकार्ड बघितलेल्या माणसाला तो रंग चुकणार नाही. हेलिकोबॅक्टर पायलोरी. या जंतूला अ‍ॅसिडात जगायचं असतं, म्हणून तो युरिया फोडून अमोनिया करतो आणि अल्कलीचं कवच पांघरून बसतो. डबीत युरिया असतो आणि रंग बदलणारा पदार्थ असतो. जंतू असला की अमोनिया होतो, पीएच चढतो, पिवळ्याचं राणी होतं. म्हणजे पोटात सोडा टाकणारा मी एकटा नव्हतो.

नंतर डॉक्टरांनी पडद्यावरचे फोटो दाखवले. मी मुलीकडून शिकलेलं सगळं त्यांना ऐकवलं, डोसिंग पंपासकट, आणि विचारलं, एवढी यंत्रणा आहे तर माझ्याकडं काय बिघडलं? पंप कमी पडला का? त्यांनी फोटोवर पेन टेकवलं. म्हणाले, "तुमच्या टाकीत सोड्याची पाइप कुठं येते?" मी म्हटलं, मधल्या कप्प्यात. "इथंही मध्येच येते." स्वादुपिंडाची आणि पित्ताची नळी ड्युओडेनममध्ये उघडते ती दारापासून आठ-दहा सेंटिमीटर पुढं. अ‍ॅसिडची पहिली पिचकारी मात्र दाराजवळच आदळते. त्या पहिल्या तीन-चार बोटांना पंपाचा फारसा आधार नसतो. ते स्वतःच्या जिवावर उभे असतात. तिथल्या अस्तरात चिकट अल्कली द्रव सोडणाऱ्या खास ग्रंथी असतात, ब्रुनरच्या, आणि अस्तर स्वतःही बायकार्बोनेट पाझरतं, शेवाळासारख्या पातळ थराखाली. अ‍ॅसिड भिंतीला लागण्याआधी त्या थरातच मरतं.

माझा तोच थर गेला होता. अस्तराला सोडा पाझरायला सांगणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं असतात आणि डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या नेमकी तीच बंद पाडतात. म्हणजे गोळी जेवणानंतर घेतली काय आणि आधी घेतली काय, ती रक्तातून जाऊन तेच करते. दुसरीकडं तो जंतू. ज्यांना इथं अल्सर असतो त्यांचा हा पहिला भाग अ‍ॅसिड आल्यावर पुरेसं बायकार्बोनेट सोडत नाही, आणि जंतू गेला की ती क्षमता परत येते, हे मोजून बघितलेलं आहे. अ‍ॅसिड जास्त असणं हा एक भाग झाला. पण माझ्या बाबतीत मी वरून जठरात सोडा ओतत होतो आणि तुटवडा होता दाराच्या पलीकडं, चार बोटांच्या पट्ट्यात. वरचा सोडा अर्ध्या-पाऊण तासात संपायचा, अ‍ॅसिड पुन्हा यायचं. चटणीचं मी मुद्दाम विचारलं. ते म्हणाले, "चटणीनं अल्सर होत नाही. जखम भरेपर्यंत झोंबेल, झोंबली तर नका खाऊ." एवढे दिवस गरीब चटणीवर आळ घेतला होता आम्ही.

औषध चौदा दिवसांचं. अमॉक्सिसिलिन, क्लॅरिथ्रोमायसिन आणि गॅसची गोळी, तिन्ही दोन वेळा. दिवसाला सहा, चौदा दिवसांच्या चौऱ्याऐंशी. बायको म्हणाली, हा तर चौऱ्याऐंशीचा फेराच झाला. गॅसची गोळी जेवणाआधी अर्धा तास, कारण ती अ‍ॅसिडचे पंप बंद करते आणि पंप जेवताना चालू होतात. गोळी तेव्हा रक्तात तयार पाहिजे. मी मेडिकलवाल्याची गोळी जेवणानंतर घेत होतो, म्हणजे बाथ सुटल्यावर रंग टाकत होतो.

तिसऱ्या दिवसापासून तोंडात तांब्याचा पैसा ठेवल्यासारखी चव. चहा कडू, आमरस कडू, पाणीसुद्धा कडू. आंब्याच्या दिवसांत हे म्हणजे अन्यायच. पोट बिघडलं, दिवसातून चार वेळा जावं लागायचं. नवव्या दिवशी मी ठरवलं की पुरे. दुखणं तर पाचव्या दिवशीच थांबलं होतं. मुलीनं तेव्हा पर्थच्या डॉक्टरची गोष्ट सांगितली. बॅरी मार्शल. अल्सर जंतूमुळं होतो हे कुणी मानेना, म्हणून १९८४ मध्ये त्यानं जंतू वाढवलेलं पाणी स्वतःच पिऊन टाकलं आणि स्वतःचं जठर सुजवून घेतलं. त्याला आणि रॉबिन वॉरेनला २००५ साली नोबेल मिळालं. "तो प्यायला, तुम्हाला पाच दिवस गोळ्या गिळता येत नाहीत?" अर्धवट सोडलं तर उरलेले जंतू त्या औषधाला दाद देत नाहीत, हे तिनं नंतर सांगितलं. आधी टोमणा, मग कारण. आईवर गेलीय.

चौऱ्याऐंशी पुऱ्या केल्या. त्यानंतर चार आठवडे नुसती गॅसची गोळी, मग तीही बंद. टाचेसाठी बुटात मऊ तळवे घातले आणि कारखान्यात एक लाकडी पाट आणून ठेवला, त्याच्यावर उभा राहतो. टाचा अजून दुखतात, पूर्वीएवढ्या नाही.

जंतू गेला की नाही हे लगेच बघून उपयोग नसतो. अँटिबायोटिक संपून किमान चार आठवडे आणि गॅसची गोळी बंद करून दोन आठवडे झाले पाहिजेत. जुलैत शौचाचा नमुना दिला, त्यात जंतूचा अंश शोधतात. या वेळी डबी नाही, रंग नाही, नुसता कागद आला. निगेटिव्ह. मला राणी रंग दिसला नाही याचं उगाच वाईट वाटलं. हिमोग्लोबिन साडेबाराला आलं, बीपी १३० वर ८४. चार किलोतले तीन गेले, एक राहिला.

त्या रात्री जेवायला कडक भाकरी, दही आणि शेंगाचटणी होती, चांगली तेल सोडून. दोनदा घेतली. रात्री दोनला जाग आली. सवयीनं हात पोटावर गेला. पोट गप्प होतं. खालून बायकोचा आवाज आला, "अहो उठा, पाणी आलंय, मोटर लावा."